तुम्ही विचारलंत म्हणून: भरल्या टाकीचा प्रवास

ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचे राहते घर, घेऊन निघताना त्याची पाण्याची टाकी काठोकाठ भरून का नेता, मुक्कामी पोहोचून का भरत नाही, असे इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी मला दर सहलीत विचारते. आम्ही उतरतो तिथे नळ नसतो, हे त्याचे साधे उत्तर. यूटा आणि ॲरिझोनातील बऱ्याचशा सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारणपणे १४ दिवस विनाशुल्क राहता येते. पाणी मात्र आपले आपण न्यावे लागते. पण विचारणाऱ्याच्या मनात खरी धास्ती असते ती टाकी वाटेत निखळण्याची, आणि ती खोटी नाही, कारण आमची टाकी एकदा निखळता निखळता राहिली.

आमची टाकी ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५१ लिटरची. लिटरला किलो या शाळेतल्या हिशोबाने १५१ किलोंची. (पौंडांत सांगितले की हे वजन निदान माझ्या तरी डोळ्यांसमोर उभे राहत नाही.) दोन धडधाकट माणसे ट्रेलरच्या पोटाशी लोंबकळत आहेत आणि कच्च्या रस्त्यावर दर खळग्यागणिक उसळून आदळत आहेत, अशी कल्पना करावी.

एका सहलीहून परतल्यावर तळाचे नालीदार प्लॅस्टिकचे आच्छादन मधोमध फुगलेले दिसले. गळून साचलेले पाणी असेल असे समजून हाताने दाबले, तर ते दबेना. वर टाकीच टेकली होती. आच्छादन सोडवल्यावर दिसले की टाकी दोन पातळ आडव्या पट्ट्यांवर ठेवलेली असून प्रत्येक पट्टीचे प्रत्येक टोक चॅसिसच्या, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याच्या तुळईच्या, खालच्या ओठाला (बाहेर आलेल्या आडव्या कडेला) खालून मारलेल्या दोन स्क्रूंनी धरले होते. ओठाची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, त्यामुळे स्क्रूचे फार तर दोन आटे लोखंडात रुतत होते, आणि सगळा भार स्क्रूला सरळ खाली उपसणारा. आठांपैकी एक गळून पडला होता आणि दुसरा बोटाने फिरत होता. नव्या गाडीत असे काम करणाऱ्याला काय म्हणावे, ते मी लिहीत नाही.

दुरुस्तीसाठी आधी टाकी पूर्ण रिकामी केली, चाकांना ठोकळे लावले आणि चॅसिसखाली भक्कम स्टँड दिले. कोपऱ्यांवरचे जॅक ट्रेलर डुलू नये एवढ्यापुरतेच असतात, त्यांच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. जुन्या पट्ट्यांच्या जागी दोन इंची, ३/१६ इंच जाडीचे लोखंडी अँगल आडवे घातले. त्यांची टोके धरणारे तुकडे बसवताना चॅसिसच्या ओठाला नवी भोके पाडली नाहीत; तुळई वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण तिच्या वरच्या आणि खालच्या ओठांवर येतो, मधल्या उभ्या भागात तो कमी असतो, म्हणून भोके तिथेच पाडली आणि आरपार बोल्ट, वॉशर व नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी सहसा सैल न होणारे) घातले. आता भार आट्यांना उपसत नाही, बोल्टच्या आख्ख्या जाडीवर आडवा येतो. ‘वेल्डिंग का नाही?’ असेही लोक विचारतात. डोक्यावर प्लॅस्टिकची टाकी, तिच्यावर फोम आणि शेजारून गेलेल्या वायरी असताना ठिणग्या पाडण्याची माझी छाती नव्हती.

टाकीचा तळ दोन अँगलांमध्ये लोंबू नये म्हणून खाली रंगवलेल्या प्लायवूडचा सलग तक्ता दिला आणि घासून टाकी झिजू नये म्हणून मध्ये रबर घातले. तक्त्याला निचऱ्याच्या नळीपुरती खाच पाडायची मी विसरलो होतो, त्यामुळे तो एकदा चढवून पुन्हा उतरवावा लागला.

मग टाकी भरली, अँगलपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी अंतर तेवढेच होते. पहिल्या दोनशे मैलांनंतर पाना लावून पाहिला, तेव्हा एक बोल्ट पाव फेरा घट्ट झाला, बाकीचे हलले नाहीत.