संकष्टीचं ‘पित्त’

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी ओपीडीत आलेल्या काकूंची तक्रार मधुमेहाची नव्हतीच. दर संकष्टीला संध्याकाळी त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरच्यांचं निदान ठरलेलं, उपवासाचं पित्त! सूनबाई लिंबू सरबत करून द्यायच्या आणि दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटायचं.

“काकू, सरबतात साखर किती?”

“असेल तीन चमचे. शुगर आहे ना, म्हणून कमीच.”

बरं वाटायचं ते त्या तीन चमच्यांनी. वहीत सगळे आकडे नीटनेटके होते, एचबीए१सी ७.१. महिन्यातून एकदाची संध्याकाळ या तपासणीत दिसत नाही, ती तीनेक महिन्यांची सरासरी सांगते. ग्लुकोमीटरची मेमरी उघडली तेव्हा आदल्या दिवशीचे, वहीत नसलेले दोन आकडे सापडले: दुपारी १ वाजता २६८, संध्याकाळी ७:५० ला ५८. “मशीन बिघडलं असेल म्हणून लिहिलं नाही.” मशीन ठणठणीत होतं.

सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्या, अकराला साबुदाण्याची खिचडी, मग चंद्रोदयापर्यंत फक्त बिनसाखरेचा चहा. खिचडीचं माप त्यांच्याकडून वाटीने काढून घेतलं आणि काट्यावर ठेवलं. कोरडा साबुदाणा ८० ग्रॅम, बटाटा १००. म्हणजे जवळपास ८५ ग्रॅम कर्बोदकं, साधारण तीन ज्वारीच्या भाकऱ्यांइतकी. साबुदाण्यात प्रथिनं आणि तंतू नावालाच, प्रथिनं काय ती दाण्याच्या कुटातून. त्यामुळे साखर झपाट्याने वर जाते. ती उतरू लागली तरी ग्लिमेपिराइड पोटात अन्न आहे की नाही हे न पाहता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतच राहतं, त्याचा असर दिवसभर टिकतो आणि संध्याकाळी साखर फार खाली जाते. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही.

डॉक्टरांनी आधी क्रिएटिनिन तपासायला पाठवलं, कारण मूत्रपिंड मंदावलं असेल तर ग्लिमेपिराइड शरीरात जास्त रेंगाळतं. ते ठीक निघालं. संकष्टीला सकाळचं ग्लिमेपिराइड बंद, रात्री जेवताना अर्धा डोस. हा बदल त्यांच्यापुरता. शेजारणीने तो उचलायचा नाही, हे मी चिठ्ठीवर लिहूनच दिलं.

ताटातले बदल माझे, आहारतज्ज्ञ म्हणून. अकराला राजगिऱ्याच्या ४० ग्रॅम पिठाचं, काकडी किसून घातलेलं थालीपीठ आणि वाटीभर दही. चारला मूठभर उकडलेले शेंगदाणे, एखादा पेरू. साडेसहाला कपभर दूध. राजगिऱ्याच्या लाह्या नकोत, त्या फुललेल्या असल्याने लवकर पचतात. लाडवात वर गूळही आलाच. भगर चालेल, पण कोरडी ३० ग्रॅमच, दाण्याच्या आमटीबरोबर. ‘उपवासाला चालतं’ आणि ‘मधुमेहाला चालतं’ या दोन वेगळ्या याद्या आहेत, हे पटवायला सर्वांत जास्त वेळ लागला.

सातला साखर मोजायची. ७० च्या खाली असेल तर पाण्यात तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, साखर विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर रक्तात यायला उशीर होतो. ७० च्या वर आल्यावर चंद्रोदयाला वेळ असेल तर थोडं दही-थालीपीठ. साखर उपवासाला चालतेच, त्यामुळे इथे त्यांनी हुज्जत घातली नाही. हुज्जत झाली ती मोदकांवर. शेवटी भाताऐवजी एक उकडीचा मोदक, यावर तोडगा निघाला.

पुढच्या संकष्टीला थालीपिठाच्या पहिल्या घासानंतर दोन तासांनी १७२, संध्याकाळी १०४. सरबताची वेळ आली नाही. आता त्यांना खिचडी परत हवी आहे. मी २५ ग्रॅम साबुदाणा, बटाटा नाही, कुट दुप्पट आणि सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर असं माप दिलंय. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत आला तरच ते कायम करू.