नववी ते बारावी: लेकीच्या कॉलेजच्या तयारीचा माझा अनुभव

लेकीचं कॉलेज नुकतंच सुरू झालं आणि ओळखीतले बरेच आईबाबा विचारतात की तयारी कधीपासून केली, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. आम्ही अमेरिकेत राहतो, इथे नववीपासूनचे ग्रेड्स ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजांना जाणाऱ्या गुणपत्रकावर, जातात, त्यामुळे नववीतच काउन्सेलरला भेटून चारही वर्षांचे विषय कागदावर मांडून घेतले. गणिताकडे जास्त लक्ष द्या, बारावीत कॅल्क्युलस घ्यायचं असेल तर आधीचे कोर्स ओळीने झालेले लागतात.

तेव्हाच एक गूगल डॉक सुरू केलं आणि माझ्या मते तेच सगळ्यात जास्त कामाला आलं. काहीही केलं की त्यात तारीख, तास आणि एखादी ओळ, बस. कॉमन ॲपमध्ये (एकच अर्ज भरून बऱ्याच कॉलेजांना पाठवता येतो ती वेबसाइट) ॲक्टिव्हिटीजना 10 च जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला 150 कॅरेक्टर्स, तेही स्पेस धरून! लेक लायब्ररीत लहान मुलांना गणित शिकवायची, पहिल्या ड्राफ्टमध्ये "मला मुलांना मदत करायला आवडतं" यातच बरीच जागा गेली होती, मग डॉक उघडलं तर त्यात सापडलं की अपूर्णांक शिकवायला तिने पत्त्यांचा खेळ बनवला होता आणि पुढे बाकीचे व्हॉलंटियर्सही तो वापरायला लागले, मग तेच लिहिलं. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे हेही विचारतात, ते ऐनवेळी कुठून आठवणार.

दहावी तशी निवांत गेली. अकरावी मात्र खरंच जड असते, नॅशनल मेरिट स्कॉलरशिपसाठी अकरावीतलीच पीएसएटी (एसएटीच्या आधीची सराव-परीक्षा) धरतात, मग कॉलेज प्रवेशाची एसएटी, मे महिन्यात एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा, आणि शाळेचा अभ्यास आहेच. एसएटी आता लॅपटॉपवर होते, क्लास लावला नाही, खान अकॅडमीवर फुकट सराव आहे आणि एसएटीच्याच ब्लूबुक ॲपवर पूर्ण टेस्ट देता येते, तेवढं पुरलं तिला. रेकमेंडेशन लेटरचं शिक्षकांना अकरावी संपायच्या आत विचारायला लावलं, बारावी सुरू झाली की त्यांच्याकडे रांग लागते, आणि ज्यांच्या तासाला पोरगी प्रश्न विचारायची त्यांनाच विचारलं, कारण त्यांच्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी असतं. कॉमन ॲपचा 650 शब्दांपर्यंतचा निबंध बारावीच्या आधीच्या सुट्टीतच लिहून घ्या, प्लीज.

आता पैशांचं, यावर आपल्या लोकांत फार कमी बोललं जातं. फाफ्सासाठी, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जासाठी, दोन वर्षं आधीचं उत्पन्न बघतात, म्हणजे 2026 च्या फॉलला कॉलेज असेल तर 2024 चा टॅक्स रिटर्न, तेव्हा मूल दहावी-अकरावीत असतं! कॉलेजांच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती खर्च येईल ते सांगणारा) असतो, यादी करायच्या आधीच नवऱ्याने आणि मी एकेक करून तो भरला आणि त्यावरून यादी बरीच बदलली. अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) बाइंडिंग असतं, ॲडमिशन मिळाली तर तिथेच जावं लागतं, आम्हाला ऑफर्स शेजारी ठेवून बघायच्या होत्या म्हणून ते केलंच नाही.

ऑफर्स आल्यावर प्रत्येक पत्रातली ग्रँट (परत न करायची मदत), लोन आणि वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळवायचे पैसे) वेगवेगळ्या रकान्यात लिहिली. एका कॉलेजचा आकडा सगळ्यात मोठा दिसत होता पण त्यातलं बरंचसं लोन होतं. लेकीने ते स्वतः बघितलं, दुसरं कॉलेज निवडलं आणि 1 मेच्या आत डिपॉझिट भरून टाकलं.