डाळीच्या बरणीतली पाकोळी

गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाला लागून असलेल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. पावसानं उघडीप दिली होती म्हणून दोन माणसं छपरावर चढून फुटकी कौलं बदलत होती. दहावीचा तास होता. फळ्यावर ‘समजात अवयव’ (काम वेगळं, पण हाडांची मूळ रचना एकच) एवढं लिहून होतंय तोच मागच्या बाकावरून कुणीतरी किंचाळलं.

“सर, पाकोळी!”

कौल सरकवल्याबरोबर फटीतलं एक चिमुकलं वटवाघूळ खाली आलं होतं. आमच्याकडे या लहान वटवाघळांना पाकोळी म्हणतात. वर्गभर दोन-तीन घिरट्या घालून ती खिडकीशेजारच्या भिंतीला चिकटली. मुलींनी ओढण्या डोक्यावर घेतल्या, कारण पाकोळी केसात अडकली की केस कापावे लागतात हे प्रत्येकीनं घरी ऐकलेलं. दोन मुलांनी तर केरसुणी उचललीच.

“मारूया की सर. रोग असतोय त्यात.”

ते वाक्य मी आधीही ऐकलं होतं. 2018 मध्ये केरळात कोळिकोडला निपाह विषाणूची साथ आली तेव्हा, आणि 2020 मध्ये कोरोनात तर रोजच. त्या वर्षी आमच्या गावात देवळामागच्या वडाखाली ओला पाला पेटवून धूर केला होता. वडावर फळं खाणारी मोठी वाघळं टांगलेली असायची, ती चार दिवसांत निघून गेली. मी तेव्हा तिथं उभा होतो आणि काही बोललो नव्हतो. ती गोष्ट मनातून गेलेली नाही.

“केरसुणी खाली ठेव गा,” मी म्हटलं, “आणि हात कुणीही लावायचा नाही. घाबरलेला प्राणी चावतो. वटवाघूळ चावलं तर कुत्रं चावल्यासारखंच साबणानं पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठायचा, इंजेक्शन घ्यायचं.”

एकाला अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकघरात पिटाळलं. मावशींनी तूरडाळीची रिकामी प्लॅस्टिकची बरणी दिली. प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे घालून मी ती भिंतीवर पाकोळीवर अलगद उपडी धरली आणि मागून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला. बरणी टेबलावर आली तसा सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. एवढी शांतता मी त्या वर्गात कधी अनुभवली नव्हती.

आपल्या अंगठ्याएवढं ते अंग, वजन चार-पाच ग्रॅम. बाहेर पडायची वाट शोधत तिनं एक पंख बरणीच्या भिंतीवर पसरला आणि खिडकीचा उजेड त्यातून आरपार आला. पातळ, तपकिरी, ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी त्वचा, तिच्यात रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं आणि मधून गेलेल्या काड्या.

“काड्या नाहीत सर, बोटं हायत ती!” एका मुलीनं आपला पंजा बरणीशेजारी धरला. “हा अंगठा बघा, सुटा हाय, नखाचा. आणि ही चार लांब.”

तिनं मोजलं, दुसरीनं पडताळलं. दंडाचं हाड, कोपर, मनगट, अंगठा आणि छत्रीच्या तारांसारखी लांबलेली चार बोटं. पक्ष्याचा पंख पिसांनी भरतो, हिचा पंख बोटांमधल्या त्वचेचा, हे मी चौदा वर्षं फळ्यावर खडूनं काढत आलोय. त्या दिवशी खडू हातातच राहिला. आपलाच हात, पण उडणारा, हे त्या मुलांना कुणी सांगावं लागलं नाही.

मग त्याच मुलीच्या लक्षात आलं ते माझ्याही आलं नव्हतं. “सर, तोंड उघडालंय खरं आवाज येईना.”

खरंच, पाकोळी तोंड उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. आम्हाला ऐकू काहीच येत नव्हतं. माणसाचा कान सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो, ही त्याच्या वरच्या पट्टीत ओरडत होती आणि बरणीच्या भिंतीवरून परतणारा प्रतिध्वनी ऐकत होती. इटलीच्या स्पॅलंझानींनी 1790 च्या दशकात वटवाघळं डोळ्यांशिवायही अडथळे चुकवतात हे पाहिलं, पण कशानं, ते कळायला 1938 उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्यानं वटवाघळं अतिउच्च आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर आणली. विद्यार्थीच होता तो, हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं.

केरसुणीवाला मुलगा मात्र आपला मुद्दा सोडायला तयार नव्हता. “पण सर, एवढे रोग असतात तिच्यात, तर ती मरत कशी नाही?”

याहून चांगला प्रश्न मला कुठल्याच वर्गात कुणी विचारलेला नाही. पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर नाही, पण गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञ त्याच्याच मागे लागलेत. आधी एक स्पष्ट केलं, की निपाह ज्यांच्यामार्फत येतो ती फळं खाणारी मोठी वाघळं, कौलात राहून किडे खाणारी ही पाकोळी नव्हे. मग मला जमेल तसं सांगितलं. आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात असतो. तो बाहेर सापडला की शरीराला वाटतं, विषाणू शिरला, आणि धोक्याची घंटा वाजते. वटवाघूळ उडतं तेव्हा त्याच्या पेशींवर इतका ताण येतो, की त्याचा स्वतःचाच डीएनए तुटून तुकडे बाहेर पडत असावेत असं मानतात. दर उड्डाणाला घंटा ठणाणली तर अंग सुजून जाईल. म्हणून वटवाघळांत ती घंटा हळू वाजते. ही घंटा वाजवणाऱ्या ‘स्टिंग’ नावाच्या प्रथिनातलं 358 व्या जागचं सेरीन हे एकच अमिनो आम्ल त्यांच्यात बदललेलं आहे, हे 2018 मध्ये दाखवलं गेलं. 2020 मध्ये सहा जातींच्या वटवाघळांचे संपूर्ण जनुकसंच वाचले, त्यातही प्रतिकारशक्तीच्या जनुकांत असेच बदल मिळाले. विषाणू अंगात राहतो, पण आग पेटत नाही. सायबेरियात खूण केलेलं सात ग्रॅमचं एक वटवाघूळ जिवंत सापडलं, 41 वर्षांनी. त्या चिवटपणाचाही संबंध या शांत घंटेशी असावा असं संशोधकांना वाटतं.

“आणि माणसाची घंटा जास्त वाजली म्हणजे?” खिडकीकडची मुलगी म्हणाली. तिचे आजोबा दुसऱ्या लाटेत गेले. मला ते माहीत होतं, वर्गालाही माहीत होतं.

मी खरं तेच सांगितलं. कोरोनात कित्येकांच्या फुप्फुसाची नासाडी विषाणूइतकीच शरीराच्या स्वतःच्या सुजेनं झाली. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध ती सूज दाबतं आणि ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी करतं, हे जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत कळलं. तिनं मान हलवली. “आज्जोबांना ते दिलं होतं,” एवढंच म्हणाली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही.

“आमच्या आज्याच्या गावाकडं हिच्यापेक्षा मोठी असते सर,” हेमाडग्याकडचा एक मुलगा हळूच म्हणाला. त्याचं आजोळ तळेवाडी. “बारापेडेच्या गुहेत. कान ही एवढी लांब.”

हा मुलगा वर्षभर वर्गात तोंड उघडत नाही. मला राहवलं नाही, मी त्याला पुढं बोलावून फळ्यासमोर उभं केलं. तो ज्याच्याविषयी बोलत होता ते रॉटनचं वटवाघूळ. 1913 साली लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी रॉटन यांचं नाव त्याला दिलं. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षं साऱ्या जगात त्याचा एकच पत्ता माहीत होता, तळेवाडीजवळची बारापेडेची गुहा. पुढे 2000-01 च्या सुमारास कंबोडियात आणि मेघालयात ते सापडलं. गुहेच्या भोवतीचं जंगल 2011 पासून भीमगड अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत, हे वटवाघूळ आहे. आणि त्याच कायद्यानं फळं खाणारी वाघळं मात्र उंदीर-घुशी-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातली होती. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच गेली. वडाखाली धूर केला तेव्हा ती होती.

आमच्या पोरांना कांगारू ठाऊक असतो, पेंग्विन ठाऊक असतो. आजोळच्या डोंगरातला हा जीव पुस्तकात नाही म्हणून तो ‘अभ्यास’ नाही असं त्यांना वाटतं, आणि आम्ही शिक्षक ते तसंच चालू देतो. याचं मला फार वाईट वाटतं. त्या मुलानं फळ्यावर लांब कान काढून दाखवले, दोन्ही कान कपाळावर पुढं झुकलेले. चित्र मी आठवडाभर पुसू दिलं नाही.

पुठ्ठ्याला भोकं पाडून, फडकं घालून बरणी दिवसभर अंधाऱ्या कपाटात ठेवली. संध्याकाळी सहानंतर बरीच मुलं थांबली. जमिनीवरून या पाकोळ्यांना झेप घेणं जड जातं, म्हणून शाळेमागच्या फणसाच्या खोडाला, डोक्याच्याही वर, बरणीचं तोंड लावलं. ती सरपटत बाहेर आली, सालीला नखं रोवून दोन हात वर चढली, अंग थरथरवलं आणि निघून गेली. कुठल्या बाजूला, यावर घरी जाईपर्यंत वाद चालला होता.

“ती बरणी आता डाळीला नको बघा सर,” मावशी म्हणाल्या. बरोबरच होतं. तळाशी तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक, काळ्या लेंड्या पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हातमोजे, मास्क घालून त्यातली एक पाण्याच्या थेंबात विरघळवली आणि शाळेच्या एकमेव सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पतंगाच्या पंखावरचे खवले होते. काटेरी पायाचा तुकडा होता. चकचकीत कवचाचे कण होते.

थायलंडमध्ये भातशेतीवरची वटवाघळं पिकावरचे तुडतुडे मोठ्या प्रमाणात खातात असं आढळलंय, हे मी सहज बोलून गेलो. केरसुणीवाल्याच्या घरचं भात तेव्हा तुडतुड्यांनी पिवळं पडत होतं. दुसऱ्या दिवशी तो काड्यापेटीतून पाच-सहा तुडतुडे घेऊन आला. तुडतुड्याच्या मागच्या पायाच्या नळीच्या टोकाला एक मोठा हलणारा काटा असतो, तो आम्ही आधी नीट पाहून वहीत काढला आणि मग लेंड्यांत शोधायला बसलो. पहिल्या चार काचपट्ट्यांवर तो दिसला नाही. पाचवी त्यानं स्वतः तयार केली.