तुम्ही विचारलंत म्हणून: घटना एवढी चांगली, मग बंडं का?

मी स्पॅनिश शिकवते. वर्गात १९व्या शतकाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, आणि हल्ली वर्गाबाहेरची मंडळीही तोच विचारतात. स्पेनला १८१२ मध्येच एवढी पुढारलेली राज्यघटना मिळाली होती, उदारमतवादी पुढाऱ्यांचीही तिथे वानवा नव्हती. मग पुढे शतकभर एकामागून एक लष्करी उठाव का होत राहिले?

‘स्पॅनिश माणूस तापट’ हे उत्तर पुष्कळांच्या ओठांवर तयार असतं. मला ते मुळीच पटत नाही. माझं उत्तर वेगळं आहे: त्या देशात सत्तेवरचं सरकार निवडणुकीत हरतच नसे. मतपेटीतून सरकार बदलणार नसेल, तर विरोधकाला दारं दोनच उरतात, एक राजवाड्याचं आणि दुसरं छावणीचं.

सुरुवात मात्र अशी नव्हती. नेपोलियनच्या फौजा देशभर पसरल्या होत्या, राजा फ्रान्समध्ये कैदेत होता, काडिस बंदराला फ्रेंचांचा वेढा पडला होता, आणि तिथल्या सान फेलिपे नेरीच्या प्रार्थनामंदिरात बसून प्रतिनिधी ३८४ कलमांची घटना लिहीत होते. सार्वभौमत्व राष्ट्राचं, राजाचं नव्हे, हे त्यांनी तिसऱ्याच कलमात लिहून टाकलं. पहिल्या कलमात ‘दोन्ही गोलार्धांतले स्पॅनिश लोक’ म्हणजे स्पॅनिश राष्ट्र, असं म्हणून अमेरिकेतल्या वसाहतींनाही सामावून घेतलं. धर्म कॅथलिकच राहील, दुसऱ्या धर्माला मुभा नाही, हेही त्याच घटनेत आहे, आणि ते झाकून तिचं कौतुक करणं योग्य नाही. तरीही आगुस्तीन दे आर्ग्वेयेस, मुन्योस तोरेरो या मंडळींनी तोफांच्या माऱ्यात जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

१८१४ मध्ये राजा सातवा फेर्नांदो परतला आणि त्यानं एका फर्मानानं सगळं रद्द केलं. आर्ग्वेयेस यांची रवानगी उत्तर आफ्रिकेतल्या सेउताच्या बंदिवासात झाली. घटना परत आणली ती राफाएल देल रिएगो या लष्करी अधिकाऱ्यानं. अमेरिकेतला उठाव मोडायला पाठवायचं सैन्य अँडालुसियात गोळा झालं होतं. १ जानेवारी १८२० रोजी लास काबेसास दे सान हुआन या गावात त्यानं आपल्या तुकडीसमोर घटनेची घोषणा केली. त्याचं स्वतःचं सैन्य भटकून भटकून जवळजवळ विरून गेलं, पण तोवर ला कोरुन्याची छावणी उठली, मग इतर शहरं, आणि मार्चमध्ये राजानं निमूटपणे शपथ घेतली. तीन वर्षांनी फ्रेंच सैन्यानं येऊन राजाला पुन्हा निरंकुश केलं आणि नोव्हेंबर १८२३ मध्ये रिएगोला माद्रिदच्या सेबादा चौकात फाशी दिलं. पण छावणीतून घोषणा करा, चार शहरं उठू द्या, राजा नमतो, हा धडा मागे राहिला. अशा जाहीर लष्करी घोषणेला स्पॅनिशमध्ये ‘प्रोनुन्सियामिएन्तो’ म्हणतात.

ही लाट आपल्याही किनाऱ्याला लागली होती. काडिसच्या घटनेचा आदर्श ठेवून पोर्तुगालात १८२० मध्ये क्रांती झाली, आणि तिच्यामुळे गोव्याला लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी पाठवता आले. त्यांतले बर्नार्दो पेरेस द सिल्वा १८३५ मध्ये गोव्याचे प्रीफेक्ट म्हणजे मुख्य प्रशासक झाले आणि काही दिवसांतच लष्करी उठावानं त्यांना हुसकावून लावलं.

स्पेनमध्ये १८३३ मध्ये फेर्नांदो वारला. तीन वर्षांचीही न झालेली त्याची मुलगी इसाबेल गादीवर आली आणि तिच्या काकांविरुद्ध गादी टिकवायला राजघराण्याला उदारमतवाद्यांची गरज पडली. त्यांचे दोन पक्ष झाले, मवाळ आणि प्रागतिक. आता त्यांचा कारभार कसा चाले ते पाहा, कारण सगळी मेख इथेच आहे. आधी राणी कुणाला तरी पंतप्रधान नेमणार, सोबत संसद विसर्जित करण्याचा हुकूम देणार, आणि मग त्याचाच गृहमंत्री प्रांतोप्रांतीच्या आपल्या अधिकाऱ्यांकरवी निवडणूक घेणार. मताचा हक्क संपत्तीला बांधलेला. १८४६ च्या कायद्यानं तर शंभरात एकालाही मत नव्हतं. प्रागतिक पंतप्रधान मेंदिसाबाल यांनी १८३६ मध्ये मठांच्या जमिनी लिलावात काढल्या, तेव्हा त्या ऐपतदारांनी घेतल्या. म्हणजे जमीन आणि मत दोन्ही एकाच घरात गेली आणि कसणारा दोन्हीकडून कोरडा राहिला. प्रागतिकांचं हे मोठं अपयश आहे, त्याला दुसरं नाव मी देणार नाही.

मतदारयाद्यांवर नगरपालिकांचा हात असे, म्हणून १८४० मध्ये महापौर सरकारनं नेमायचे असा कायदा येताच देश पेटला आणि इसाबेलच्या वतीनं राज्य करणाऱ्या राजमाता मारिया क्रिस्तिना यांना देश सोडावा लागला. सत्ता मिळाली ती मात्र एस्पार्तेरो या सेनापतीला. त्यांना १८४३ मध्ये हटवलं तेही सेनापतींनीच, आणि त्यांतले नार्वाएस पुढे पंतप्रधान झाले. राणी पुन्हा पुन्हा मवाळांनाच बोलावी. अखेर १८६३ पासून प्रागतिकांनी निवडणुकांवर बहिष्कार घातला आणि १८६८ मध्ये सेनापती प्रिम, सेनापती सेरानो आणि नौदलाचे तोपेते यांच्या उठावानं इसाबेल परागंदा झाली. पुढच्या वर्षीच्या घटनेनं पंचविशीपुढच्या सर्व पुरुषांना मत दिलं. नवा राजा आमादेओ स्पेनच्या भूमीवर उतरला त्याच दिवशी, ३० डिसेंबर १८७० ला, त्याला आणणाऱ्या प्रिम यांचा माद्रिदमध्ये गोळ्यांच्या जखमांनी मृत्यू झाला. फेब्रुवारी १८७३ मध्ये आमादेओनं राज्य सोडलं आणि प्रजासत्ताक आलं.

या प्रजासत्ताकाला अकरा महिन्यांत चार अध्यक्ष झाले म्हणून त्याची चेष्टा होते. मला ती सहन होत नाही. तिसरे अध्यक्ष निकोलास साल्मेरोन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. देहदंडाच्या हुकमांवर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पद सोडलं. त्यांच्यानंतरच्या कास्तेलार यांच्यावर २ जानेवारी १८७४ च्या रात्रभर संसदेत चर्चा झाली. पहाटे मतदान झालं: बाजूनं १००, विरुद्ध १२०. कास्तेलार यांनी लगेच राजीनामा दिला. सरकार मतांनी हरलं आणि मुकाट्यानं पायउतार झालं! नव्या अध्यक्षाची निवड चालू असतानाच सेनापती पाविया यांचा निरोप आला, की सभागृह रिकामं करा. सभापतीच्या खुर्चीवर तेव्हा साल्मेरोन होते. शिपाई आत घुसले, गोळ्या झाडल्या गेल्या, सभागृह ओस पडलं. पाविया घोड्यावरून संसदेत शिरले अशी दंतकथा आहे. ते बाहेरच थांबले होते. वर्षअखेर आणखी एका उठावानं इसाबेलचा मुलगा राजा झाला.

मग पुराणमतवादी पक्षाचे कानोवास आणि उदारमतवादी पक्षाचे सगास्ता यांनी उठावांवर तोडगा काढला. दोन्ही पक्षांनी पाळीपाळीनं राज्य करायचं. गृहमंत्रालयात मतदारसंघांच्या चौकटी आखून त्यांत कोण निवडून येणार ती नावं आधीच भरली जात, गावोगावचे ‘कासिके’ म्हणजे पुढारी निकाल तसा लावून देत, मेलेल्यांच्या नावावरही मतं पडत. सगास्तांना मी सरसकट दोष देणार नाही. १८६६ च्या बंडानंतर त्यांना मृत्युदंड सुनावला होता, परदेशात राहून ते वाचले होते. रक्तपात थांबावा ही त्यांची इच्छा खरीच असणार. संघटनांचा कायदा, ज्यूरी, १८९० मध्ये पुन्हा सर्व पुरुषांना मत, हे त्यांच्याच सरकारचं काम. पण निकाल आधी ठरलेला असेल तर मताधिकार वाढवून लोकांच्या हाती काय येतं? १८७६ ते १९२३ या काळात स्वतः घेतलेली एकही सार्वत्रिक निवडणूक कुठलंच सरकार हरलं नाही. १९२३ मध्ये सेनापती प्रिमो दे रिवेरा यांनी या व्यवस्थेची १८७६ ची घटना गुंडाळली, तेव्हा तिच्यासाठी रस्त्यावर कुणी उतरलं नाही.

मतपेटीचा निकाल राजाला मुकाट्यानं स्वीकारावा लागला तो १२ एप्रिल १९३१ च्या नगरपालिका निवडणुकांनंतर. मोठ्या शहरांत राजपक्ष हरला, आणि दोन दिवसांनी राजा तेरावा आल्फोन्सो देश सोडून गेला.