आमची वाटचाल : टेक्स्ट बॉक्सवर नाही, मास्टरवर

आमचं मूळ काम डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायचं. गिरगावात तळमजल्याच्या खोलीत लग्नपत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल. पॉवरपॉइंटच्या टेम्प्लेट बनवण्याकडे वळलो ते मावसभावामुळे. मास्टर म्हणजे सगळ्या स्लाइड्सचा मूळ साचा. तोवर त्यात स्लाइड मास्टर आणि टायटल मास्टर, एवढ्यावरच भागवावं लागे. २००७ च्या ऑफिसमध्ये मास्टरखाली स्वतःचे लेआउट, म्हणजे स्लाइडच्या वेगवेगळ्या मांडण्या, बनवायची सोय आली, तेव्हा तो म्हणाला, "दादा, पत्रिका सोड, आता हे धर." भागीदारी तिथेच ठरली.

लोगो मास्टरवर एकदाच. मजकूर, चार्ट, फोटो यांचे प्लेसहोल्डर, म्हणजे आधीच ठरवलेल्या रिकाम्या जागा, लेआउटमध्ये मोजून बसवलेले. थीमचे, म्हणजे फाइलला ठरवून दिलेल्या रंग-फॉन्टच्या संचाचे, बारा रंग आधी भरायचे, मगच पुढे हात घालायचा. आजही नव्या मुलाला मी सुरुवातीला टेक्स्ट बॉक्स, म्हणजे मास्टरशी न बांधलेला मजकुराचा सुटा चौकोन, टाकू देत नाही.

पुढची वर्षं बरी गेली. २०१३ ला नव्या स्लाइडचं रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ वरून १६:९ झालं, तेव्हा तर कामाला तोटा नव्हता.

मग लोअर परळच्या एका एजन्सीने आमची सगळ्यात मोठी पार्टी, एक विमा कंपनी, निम्म्या दरात उचलली. आमच्या हाताखाली तयार झालेली दोन मुलंही नेली. पॉवरपॉइंटच्या पीपीटीएक्स फाइलचं नाव बदलून झिप करायची आणि आतली थीमची फाइल कशी वाचायची, हे मी त्यांना शेजारी बसवून शिकवलं होतं. त्याच मुलांनी मीटिंगमध्ये आमचे लेआउट जुनाट ठरवले. हे मला अजून बोचतं. खोलीचं भाडं थकलं, पगारासाठी उसनवारी झाली. मावसभाऊ नोकरीत परत गेला. त्याला मी बोल लावत नाही, घरात तान्हं मूल होतं.

त्या काळात टिकल्या त्या लालबागच्या एका पतसंस्थेच्या सचिव मॅडम. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या त्यांच्या स्लाइड्स संपूर्ण मराठीत असतात. नव्या ऑफिस थीममध्ये मजकुराच्या ओळींतलं अंतर ९० टक्के असतं. इंग्रजीला ते चालतं, मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर टेकतो. सभासदांत म्हातारी माणसं, मागच्या खुर्चीवरून 'ठेवी' वाचता आल्या पाहिजेत. आम्ही मास्टरवरच अंतर वाढवलं, थीममध्ये देवनागरीसाठी मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या फाउंड्रीचा मुक्ता हा फॉन्ट नेमला. मॅडमनी पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ दिले. म्हणाल्या, "तुम्ही बंद केलंत तर आमचा ताळेबंद कोण मांडणार?" त्या पैशांवर आम्ही तगलो.

पुढे विमा कंपनीने लोगो आणि रंग बदलले, आणि त्यांचा फोन आला. एजन्सीची फाइल उघडली. मास्टरची रांग लागलेली, नावांपुढे १, २, ३ चिकटलेले. दुसरीकडच्या स्लाइड्स मूळ फॉरमॅटिंगसकट पेस्ट करत गेलं की असंच होतं. शीर्षकं टेक्स्ट बॉक्समध्ये, रंग प्रत्येक आकारावर हाताने भरलेला. थीमचा रंग बदलला तर एकाही चौकोनाचा रंग बदलेना. आम्ही सगळं नव्याने बांधलं आणि पूर्ण दर लावला. घासाघीस त्यांनीही केली नाही.

तुम्ही कुणाकडून टेम्प्लेट करून घेत असाल तर दाखवलेल्या स्लाइड्सवर भुलू नका. आउटलाइन व्ह्यू, म्हणजे नुसत्या मजकुराची यादी, उघडायला सांगा. प्लेसहोल्डरमधला मजकूर तिथे दिसतो, टेक्स्ट बॉक्समधला दिसत नाही. मग थीममधला एक ॲक्सेंट रंग बदलून बघा, चार्ट त्याच्याबरोबर बदलतो का ते पाहा. आणि फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड केलेत (सोबत भरलेत) का, हे पैसे देण्याआधी विचारा.

त्या एजन्सीच्या वेबसाइटवर नमुना म्हणून आमचा तीन रकान्यांचा लेआउट अजून झळकतोय. तो आमचा आहे, हे मी त्यांना लेखी कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही.