विहिरीच्या बुडातून दिसलेले शेततळे

अंबाजोगाई परिसरातल्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो. अवकाशातून आलेले प्रोटॉन आणि अणुकेंद्रके, म्हणजेच वैश्विक किरण, हवेच्या वरच्या थरांतल्या अणूंवर आदळतात, त्या आघातातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण जन्मतात आणि पायॉनांपासून म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचे जड भाऊबंद. हे म्यूऑन आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा या हिशेबाने सतत पार होत असतात. एवढे फळ्यावर सांगून होते. पण हेच म्यूऑन न्यूट्रिनो, म्हणजे विद्युतभार नसलेले आणि जवळजवळ कशालाच न अडणारे कण, पकडू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना का नकोसे असतात, आणि त्यांच्यापासून सुटका करून घेण्यासाठी लोक खाणींत, समुद्रात आणि दक्षिण ध्रुवाच्या बर्फात का उतरतात, हे वर्गात सांगून विद्यार्थ्यांना उमगत नाही, असा माझा अनुभव आहे. खडक त्यांना स्वतः मोजू द्यावा लागतो. मराठवाड्यात खडकात उतरायचे तर विहिरीइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

बालाघाटच्या डोंगररांगेतल्या एका गावात आमच्या एका विद्यार्थिनीच्या चुलत्यांची नऊ परस, म्हणजे सुमारे 15 मीटर खोल विहीर आहे. वरचा मुरूम सोडला तर बाकी सगळा काळा पाषाण. मे महिन्याच्या मध्यास ती कोरडी पडली होती. कोंडलेल्या हवेने विहिरीत माणसे दगावतात, म्हणून पहाटे आधी पेटता कंदील दोरीने बुडापर्यंत सोडून बराच वेळ ठेवला, तो नीट जळत राहिल्यावरच आम्ही पायऱ्यांवरून खाली उतरलो.

आमचे उपकरण साधे होते. 20 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या, काळ्या कागदात गुंडाळलेल्या प्लास्टिक सिंटिलेटरच्या दोन पाट्या लोखंडी चौकटीवर समोरासमोर, 80 सेंटिमीटर अंतरावर बसवल्या होत्या. कण आरपार गेला की पाटीत क्षीण प्रकाश चमकतो आणि सिलिकॉनचा प्रकाशसंवेदक तो टिपतो. दोन्ही पाट्यांत एकाच क्षणी चमक झाली तरच नोंद धरायची, ही यातली मुख्य अट आहे. खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराने एखादी पाटी एकटी चमकते. दोन्ही एकदम चमकायच्या तर कण त्या दोहोंना भेदून जाणारा असावा लागतो. त्यामुळे चौकट ज्या दिशेला रोखाल तिकडून आलेलेच कण मोजले जातात.

काठावर, चौकट सरळ आकाशाकडे रोखून, मिनिटाला दहा-अकरा नोंदी मिळाल्या. मग तीच चौकट बुडाशी, बरोबर मध्यभागी ठेवली. एवढ्या खोलीवर आकडा निम्म्याने तरी घटेल, असे बहुतेकांनी वहीत आधीच लिहून ठेवले होते. अर्ध्या तासाने पाहिले तर नोंदी तेवढ्याच. मुलांनी पहिला संशय तापमानावर घेतला, आणि तो योग्यच होता, कारण काठावर 42 अंश आणि बुडाशी बराच गारवा असताना या संवेदकाची संवेदनक्षमता बदलते. त्यांनी विद्युतदाब तपासून जुळवून घेतला, पुन्हा मोजले, तरी आकडा हलला नाही. कारण मला ठाऊक होते. ते त्यांनीच शोधावे म्हणून मी बोललो नाही.

आमच्या मदतीला विहिरीवर यारी चालवणारे एक मामा होते. वरून वाकून ते म्हणाले, "सर, ह्या विहिरीच्या बुडाला ऊन ह्या दिवसांत पोचतंय, तेबी मध्यान्हीलाच. वर तर आभाळ उघडंच हाय की." मुले क्षणभर गप्प राहिली आणि मग एकदम बोलू लागली. आमच्या अक्षांशावर मेच्या मध्यास सूर्य माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, म्हणून किरण थेट बुडाशी पोहोचतात. हिवाळ्यात काठ त्यांना अडवतो. सरळ वरून येणाऱ्या म्यूऑनांना वाटेत खडक लागतच नव्हता. नुसत्या खोलीला अर्थ नाही, तुम्ही पाहता त्या दिशेला खडक किती आहे याला अर्थ आहे, हे त्या वाक्याने माझ्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा लवकर पटवले.

चौकट 45 अंशांनी कलवली. आता कणाच्या वाटेत सुमारे साडेपंधरा मीटर बेसाल्ट येत होता. पाण्याच्या जवळजवळ तिप्पट घनतेचा हा खडक एवढ्या जाडीचा असला, तर तो पार करण्यासाठी म्यूऑनला साधारण 10 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. बहुसंख्य म्यूऑनांजवळ ती नसते. काठावर त्याच कोनात मिनिटाला पाच-एक नोंदी होत होत्या, बुडाशी त्याचा चौथा हिस्सा उरला. एकेका दिशेला तासभर द्यायचा असे ठरवून आम्ही पश्चिमेपासून सुरुवात केली.

या तासांत लिंबाच्या सावलीला बसून मी मुलांना कोलारची हकीकत सांगितली. होमी भाभांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकांतन 1951च्या सुमारास म्यूऑन मोजायला कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. पुढे सुमारे 2.7 किलोमीटर खोलीवर कित्येक आठवडे उपकरण चालू ठेवूनही एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. आमच्याकडे पुष्कळांना शून्य म्हणजे प्रयोग फसला असे वाटते, त्यांनी हे शून्य नीट पाहावे. हवेतून येणारे म्यूऑन तिथे उरत नाहीत, तेव्हा तिथे एखादा म्यूऑन दिसलाच तर तो न्यूट्रिनोने खडकात जन्माला घातलेला असणार. त्या आधारावर सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ओसाका व डरहॅम इथली विद्यापीठे यांच्या गटाने पाट्यांच्या भिंती उभ्या करून आडव्या दिशेने पाहिले, कारण आडव्या दिशेला खडक कितीतरी अधिक जाड असतो. 1965 साली वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद तिथे झाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही झाली.

दक्षिण ध्रुवावरची आइसक्यूब वेधशाळा घनकिलोमीटरभर बर्फात 5160 प्रकाशसंवेदक पेरून पाहते. तिथेही दर सेकंदाला हजारो म्यूऑन वरून येतात, म्हणून ती पृथ्वीच्या पोटातून खालून वर येणाऱ्या कणांना महत्त्व देते. 22 सप्टेंबर 2017 रोजी तिने टिपलेल्या एका न्यूट्रिनोच्या मागावर जाऊन दुर्बिणी टीएक्सएस 0506+056 या दीर्घिकेपर्यंत पोहोचल्या. विद्युतभारित वैश्विक किरण चुंबकीय क्षेत्रांत वळून आपली दिशा हरवतात, न्यूट्रिनो हरवत नाही, आणि त्याच्यासाठी एवढी धडपड चालते ती यासाठीच. 13 फेब्रुवारी 2023 रोजी भूमध्य समुद्रातल्या केएम3नेट शोधकाने सुमारे 220 पेटाइलेक्ट्रॉनव्होल्टचा (एक पेटा म्हणजे दहा लाख अब्ज) न्यूट्रिनो नोंदवला. त्याचा म्यूऑनही जवळजवळ आडवाच आला होता. "म्हणजे तिरकं बघितलं की सापडतं," असे एक मुलगा म्हणाला. तिरके बघून सापडतो तो खात्रीचा असतो, एवढी दुरुस्ती मी केली.

पश्चिम, उत्तर आणि दक्षिण या दिशांचे आकडे तासाला ऐंशीच्या आसपास आले. ऐंशी नोंदींत आठ-नऊंचा चढउतार स्वाभाविक असतो, तेवढाच होता. पूर्वेला मात्र नोंदी जवळपास दीडपट आल्या. योगायोगाने असे क्वचितच घडते, पण उपकरणात दोष असू शकतो, म्हणून पाट्यांची अदलाबदल केली आणि पश्चिम पुन्हा मोजली. ती पहिल्यासारखीच. सूर्य कलला होता, तरी पूर्व पुन्हा लावली. पुन्हा दीडपट.

चुलत्यांची ती पुतणी तोवर वर गेली होती. तिने काठापासून पूर्वेकडे पावले टाकत अंतर मोजले आणि मातीत काटकोन त्रिकोण काढला. 45 अंशांची रेषा विहिरीच्या बुडातून निघून जमिनीवर जिथे बाहेर पडते, बरोबर तिथे तिच्या काकांचे शेततळे होते. चार मीटर खोदलेले, तेव्हा कोरडे. तेवढा खडक त्या दिशेला नव्हताच. शेततळे आम्ही सकाळपासून पाहत होतो. आमच्यापैकी कोणीही ते हिशेबात धरले नव्हते, मीही नाही. 2017 साली गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमधली निदान 30 मीटर लांबीची पोकळी याच रीतीने कळली, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. पण वीतभर पाट्यांनी खडकातून शेततळे दाखवावे, हे पाहताना मला जो आनंद झाला तो त्या सांगण्यात कधीच नव्हता.

निघताना काकांनी विचारले, "मग आमच्या विहिरीत न्यूट्रिनो घावंल का?" मी सांगितले की सूर्याकडून आलेले अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून जात आहेत, पण तो ओळखायचा तर वरचे म्यूऑन थांबवायला असा खडक किलोमीटरच्या हिशेबात हवा. ते म्हणाले, "मग शेततळं भरल्यावर या."

त्यांचे म्हणणे आम्ही मनावर घेतले आहे. माघ-फाल्गुनात ते विहिरीचे पाणी मोटरीने उपसून शेततळ्यात साठवतात. तेव्हा बूड उघडे पडते आणि तळे भरलेले असते. पाण्याची घनता बेसाल्टच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, त्यामुळे पूर्वेच्या नोंदी आजच्यापेक्षा घटतील, पण इतर तीन दिशांइतक्या खाली जाणार नाहीत. पुतणीने तो अपेक्षित आकडा काढून, तारीख घालून, वहीत लिहून ठेवला आहे.