युरोपात जाऊन साप कसले बघता?

"युरोपात जाऊन साप कसले बघता? आपल्याकडे काय कमी आहेत?" हा प्रश्न मला घरच्यांपेक्षा सर्पमित्र मंडळीच जास्त विचारतात. भातकापणीच्या दिवसांत पेंढ्यांखालून घोणस काढणाऱ्या माणसाला काचेआडचा साप बघण्यात काय राम वाटणार, हे मी समजू शकते. पण परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

विषारी साप वर्षानुवर्षं नीट सांभाळायचा आणि त्याची देखभाल करणारा माणूस रोज संध्याकाळी धडधाकट घरी जायचा, यासाठी काय काय करावं लागतं ते तिथल्या प्राणिसंग्रहालयांत बघायला मिळतं. मी मुख्यतः त्यासाठी जाते. ही शिस्त त्यांनाही आयती मिळालेली नाही, ती माणसं गमावून आली आहे.

लंडन झूचंच घ्या. लोकांसाठी खुलं असलेलं जगातलं पहिलं सर्पगृह तिथे 1849 साली सुरू झालं. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर 1852 मध्ये, एडवर्ड गर्लिंग नावाचा तिथला कीपर रात्रभर दारू पिऊन सकाळी कामावर आला आणि फुशारकीच्या भरात त्याने साप हातात घेतले. कोब्राने त्याच्या नाकावर दंश केला. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी त्याला कृत्रिम श्वासोच्छ्वास देऊन पाहिला. कोब्राच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, त्यामुळे उपचाराची दिशा बरोबरच होती. आज हेच काम व्हेंटिलेटर करतो. पण तेव्हा प्रतिविष, म्हणजे सापाचं विष उतरवणारं औषध, अस्तित्वातच नव्हतं. गर्लिंग वाचला नाही.

प्रतिविषाचा शोध लागायला पुढे 42 वर्षं गेली. 1894 साली पॅरिसमध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या फिझालिक्स आणि बर्त्राँ या जोडीने, आणि त्याच सुमारास पाश्चर इन्स्टिट्यूटच्या अल्बेर काल्मेतने, विषाचे थोडे थोडे डोस पचवलेल्या प्राण्याच्या रक्तातून दुसऱ्या प्राण्याला संरक्षण देता येतं हे दाखवून दिलं. पॅरिसला गेलात तर जार्दाँ दे प्लांत या वनस्पती उद्यानातलं जुनं प्राणिसंग्रहालय जरूर बघा. ते याच म्युझियमचं आहे.

गर्लिंगबद्दल वाचलं की मला आपल्याकडचे व्हिडिओ आठवतात. नाग गळ्यात, फणा तोंडाशी, मागे टाळ्या. यात गेलेली पोरं महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांतली बरीच सापांवर मनापासून प्रेम करणारी होती. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. युरोपातल्या चांगल्या झूमध्ये विषारी सापाला कीपर सहसा हातच लावत नाही. पेटी साफ करायची असली की आधी हुकने सापाला बाजूच्या बंद खोक्यात सरकवायचं, झाकणाला कडी घालायची, आणि मग हात आत. दुसरा माणूस जवळ उभा असतोच. जर्मनीत एका ठिकाणी मी हे काचेतून बघत होते. कडी घातलेली असतानाही त्या बाईंनी ती पुन्हा एकदा ओढून बघितली. एवढ्यासाठी मी तिकीट काढायला तयार असते.

लंडनचं तिसरं सर्पगृह 1927 मध्ये उघडलं. ते जोन प्रॉक्टर यांच्या कल्पनेतून उभं राहिलं. विशीतच त्या तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या, आणि तब्येतीने त्यांना आयुष्यभर छळलं. उजेड पेट्यांच्या आत आणि प्रेक्षकांच्या बाजूला अंधार, पेट्यांना गरजेप्रमाणे वेगवेगळी ऊब, अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच, हे सगळं त्यांनी त्या काळात करून दाखवलं. 1931 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्या गेल्या. पुढे 1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं, आणि बॉम्ब पडून साप शहरात सुटतील या भीतीने झूने आपले विषारी साप स्वतःच मारून टाकले. निर्णयामागची भीती खोटी नव्हती, तरी ते वाचताना गलबलून येतं. प्रॉक्टर यांच्या इमारतीतले प्राणी आता नव्या जागेत गेले आहेत. ती जागा 2024 मध्ये उघडली.

स्टॉकहोमच्या स्कान्सेन अक्वेरियमची गोष्ट बहुतेकांनी बातम्यांत वाचली असेल. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथला किंग कोब्रा छताजवळच्या दिव्याच्या फटीतून पसार झाला. पूर्वीचा दिवा तापायचा, म्हणून साप तिकडे फिरकत नसत. वीज वाचवायला थंड राहणारा दिवा बसवला आणि वाट मोकळी झाली. इमारत बंद करून, एक्स-रे यंत्र आणून भिंतींतल्या पोकळ्या तपासल्या गेल्या. आठवडाभराने साप आपणहून पेटीत परतला. लोकांनी त्यावर विनोद केले, पण मला त्यात धडा दिसला. सापाच्या खोलीत दिवा बदलायचा तरी आधी सापाच्या बाजूने विचार करावा लागतो.

किंग कोब्राचं नाव निघालंच आहे तर प्रतिविषाचं सांगते, कारण काचेसमोर उभं राहून कोणी याचा विचार करत नाही. आपलं भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून बनतं. किंग कोब्रा त्यात नाही. त्याच्यासाठी बँकॉकच्या रेड क्रॉस संस्थेचं प्रतिविष लागतं, आणि मांबा या आफ्रिकेतल्या विषारी सापासाठी दक्षिण आफ्रिकेचं. म्हणजे झूने पंधरा जातींचे विषारी साप ठेवले, की जगभरातून येणाऱ्या औषधांचा हिशोब आलाच. कोणतं कोणत्या फ्रिजमध्ये आहे, मुदत कधी संपते, जवळचं कोणतं हॉस्पिटल ते द्यायला तयार आहे. घोणसीच्या पेटीमागे तर आपल्याच देशातलं औषध असतं. तमिळनाडूतल्या इरुळा या आदिवासी जमातीच्या सहकारी संस्थेचे लोक विष काढतात आणि भारतीय कंपन्या त्यापासून प्रतिविष बनवतात. ते ध्यानात आलं की परक्या देशातल्या त्या पेटीसमोर मला वेगळंच आपलेपण वाटतं.

तुम्ही पहिल्यांदाच जाणार असाल तर मी ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टचं रेप्टिलियन झू हॅप सुचवेन. 1976 मध्ये एका कुटुंबाने सुरू केलेली ही जागा मोठ्या झूंसमोर छोटीच आहे. पण त्याच मुलखातला शिंगवाला व्हायपर, म्हणजे आपल्या घोणसीच्याच कुळातला विषारी साप, तिथे निवांत बघता येतो. काचेला नाक लावून बघितलं की कळतं, त्याच्या नाकावरचं ते शिंग हाडाचं नसून बारीक खवल्यांचं, मऊ असतं. पाठीवरची नागमोडी नक्षी दगडांच्या सावलीत इतकी मिसळते की पेटी रिकामी वाटते, आणि मग तो जीभ बाहेर काढतो.

हंगेरीतला गवताळ माळावरचा छोटा व्हायपर तर जवळजवळ संपलाच होता. त्याच्यासाठी 2004 मध्ये किश्कुनशागच्या माळावर पैदास केंद्र निघालं, आणि तिथे वाढलेले साप पुन्हा गवतात सोडले जातात. विषारी सापाला वाचवायला सरकारी पैसा मिळतो, ही गोष्ट मी आपल्याकडे सर्पमित्रांना आवर्जून सांगते.

जाल तेव्हा काचेवर टकटक करू नका. कीपर मोकळे दिसले तर "या सापासाठी सीरम, म्हणजे प्रतिविष, कुठून आणता?" एवढंच विचारा. मला तरी आजवर यावर कोणी तुटक उत्तर दिलेलं नाही.